तिसऱ्या गाडीचा हिशेब

शहराची ये-जा : लेखांक ७

मेट्रो सुरू झाली, तरी कर्वे रस्त्यावरचा सकाळचा दुचाक्यांचा लोंढा काही आटला नाही. वरून मेट्रो जाते, खाली तिच्याच खांबांच्या सावलीत हेल्मेटवाले आणि बिनहेल्मेटवाले सिग्नल सुटायची वाट बघत असतात. पुणेकर हट्टी आहे, त्याला गाडीची खोड लागली आहे, असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. रोज नोकरीला जाणारा माणूस हिशेबी असतो. तो गाडी काढतो तेव्हा मनात काही आकडे मांडूनच काढतो. मागच्या दोन लेखांकांत आपण बस आणि मेट्रोचा खर्च कोण उचलतं ते पाहिलं. या आठवड्यात प्रवाशाचा खिसा आणि त्याचं घड्याळ पाहू.

उदाहरण एकच घेऊ. घर कोथरूडला वनाजजवळ, नोकरी खराडीच्या आयटी पार्कात. एका बाजूचं अंतर साधारण सतरा किलोमीटर, महिन्याला चोवीस दिवस, म्हणजे महिन्याचे ८१६ किलोमीटर. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते असं धरू. पुण्यातल्या सिग्नलांना थांबत थांबत तेवढी दिली तर नशीब म्हणायचं. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरलं तर महिन्याला सुमारे १,८८५ रुपये होतात. पीएमपीएमएल या इथल्या बससंस्थेचा दोन्ही महापालिका हद्दींसाठीचा मासिक पास जून २०२५ च्या दरवाढीनंतर १,५०० रुपयांचा झाला. म्हणजे बसनं गेलं तर महिन्याला जेमतेम चारशे रुपये वाचतात. दिवसाला सोळा. सोळा रुपयांसाठी रोज तास-दीड तास जादा घालवायला कोण तयार होईल? दरवाढीआधी हाच पास ९०० रुपयांचा होता, तेव्हा निदान हजाराचा फरक दिसत होता. संस्थेच्या तोट्याकडे बघता दरवाढ समजण्यासारखी आहे. पण रोजच्या प्रवाशाच्या पासाला एवढा मोठा झटका द्यायला नको होता, असं माझं मत आहे.

मेट्रोचा हिशेब आणखी गमतीचा आहे. वनाज ते रामवाडी तीस रुपये. रामवाडीला उतरल्यावर खराडीपर्यंत अजून पाचेक किलोमीटर उरतात. तिथून फीडर बस मिळाली तर आणखी दहा. जाऊन-येऊन ऐंशी रुपये, महिन्याला १,९२०. पेट्रोलचाही खर्च जवळपास तेवढाच! आणि फीडर बस न मिळाल्यास रिक्षा. पुण्यात २०२२ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये असा दर आहे. पाच किलोमीटरचे झाले साडेचौऱ्याऐंशी. कोथरूडहून नदी ओलांडून, निम्मं शहर पालथं घालून रामवाडीला यायला तीस रुपये आणि उरलेल्या पाच किलोमीटरला त्याच्या जवळजवळ तिप्पट. मेट्रोच्या उद्घाटनाच्या भाषणांत हे पाच किलोमीटर कधी येत नाहीत.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की लोक फक्त पेट्रोल मोजतात, गाडीची किंमत मोजत नाहीत. तीही मोजून बघू. लाखाची स्कूटर आठ वर्षं वापरून वीस हजारांना विकली, तर महिन्याला ८३३ रुपये झिजले. विमा, सर्व्हिसिंग, टायर, ब्रेक यांचे महिना पाचशे धरा. पेट्रोल मिळवून बेरीज ३,२०० च्या वर जाते. कारची तर बातच नको. शहरात लिटरला पंधरा देणाऱ्या छोट्या कारला एवढ्याच अंतराचं नुसतं पेट्रोल साडेपाच हजारांच्या वर लागतं, हप्ता आणि विमा वेगळा.

हा हिशेब बरोबर आहे, पण सकाळी साडेआठ वाजता त्याचा काही उपयोग नाही. गाडी खाली उभी आहे. तिचा हप्ता बसनं गेलं तरी जाणारच आहे, विमा भरायचाच आहे, आणि बाजारातली किंमत ती उभी राहूनही उतरतेच. त्या क्षणी माणसापुढे खरोखर पेट्रोल विरुद्ध तिकीट एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर तो बरोबर काढतो. म्हणूनच ‘बसने प्रवास करा’ असे फलक लावून फारसं काही होत नाही. गाडी विकत घेतली त्या दिवशीच पुढच्या आठ वर्षांच्या सकाळी ठरून गेलेल्या असतात.

आता घड्याळाकडे वळू. टॉमटॉम या कंपनीनं २०२४ सालच्या वाहतुकीची जी जागतिक पाहणी केली, तिच्यात सर्वांत संथ शहरांमध्ये पुणे चौथं आलं. दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. या वेगानं कोथरूड-खराडीला कारनं सुमारे सत्तावन्न मिनिटं लागतात. दुचाकीवाला फटीफटीतून, कधी फुटपाथवरूनही वाट काढतो, त्यामुळे त्याचा त्यातला काही वेळ वाचतो. उलट मेट्रो वनाजहून रामवाडीला पाऊण तासाच्या आत पोचवते, आणि तेही पाऊस असो, वरात असो, गणपती असोत. चालत्या वाहनाच्या वेगात मेट्रो हरत नाही. हार होते ती वाट बघण्यात.

या वाट बघण्यात थोडं गणित दडलेलं आहे. समजा एका मार्गावर दर वीस मिनिटांनी बस आहे. वेळापत्रक न बघता स्टॉपवर गेलेल्या माणसाला सरासरी दहा मिनिटं थांबावं लागेल. आता त्याच मार्गावर तेवढ्याच बस ठेवून, वाहतुकीच्या गोंधळानं दोन-दोन बस पाठोपाठ येऊ लागल्या आणि मधे चाळीस मिनिटांची पोकळी पडू लागली असं धरा. तासाला तीन बस तेव्हाही होत्या, आताही आहेत. कागदावर सेवा तीच. पण प्रवाशाची सरासरी प्रतीक्षा दहाची वीस मिनिटं होते, कारण बहुतेक लोक त्या लांब पोकळीतच स्टॉपवर येऊन उभे राहतात. ‘तासभर एक नाही आणि आल्या तर दोन’ ही तक्रार तुम्हीही केली असेल. ती निव्वळ चिडचीड नाही, तिला आकड्यांचा आधार आहे. त्यात भर अशी, की थांबून घालवलेलं मिनिट प्रवाशाला बसमध्ये बसून गेलेल्या मिनिटाच्या दीड ते दोन पट जड वाटतं, असं वाहतुकीचे अभ्यासक धरूनच चालतात. उन्हात, बिनछपराच्या स्टॉपवर, शेजारी कचऱ्याचा ढीग असेल तर किती पट, ते तुम्हीच ठरवा.

हर्बर्ट मोरिंग या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं १९७२ साली बससेवेचा एक विशेष गुण दाखवून दिला. रस्त्यावर एक गाडी वाढली की बाकीच्या सगळ्यांचा वेळ वाढतो. बसचं याच्या उलट आहे. प्रवासी वाढले की बस वाढवता येतात, बस वाढल्या की प्रत्येकाची प्रतीक्षा कमी होते, प्रतीक्षा कमी झाली की आणखी प्रवासी येतात. हे चक्र उलटंही तितक्याच सहज फिरतं, आणि पुण्यात गेली कित्येक वर्षं ते उलटंच फिरतं आहे. प्रवासी दुचाकीवर गेले, रस्ते तुंबले, बस त्यात अडकल्या, फेऱ्या कमी झाल्या, मग उरलेल्यांनीही दुचाक्या घेतल्या.

यातून बसला सोडवायचा एक उपाय पुण्यानं देशात सगळ्यांत आधी करून पाहिला होता. २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली. रस्त्याच्या मधोमध बससाठी राखीव मार्गिका, म्हणजे बाकीचा रस्ता तुंबला तरी बस चालत राहावी. कल्पना उत्तम होती. पण बस येईपर्यंत मोकळी दिसणारी मार्गिका बघून दुचाकीवाल्याला राहवेना, आणि त्याला अडवायला कोणी कायम उभं राहीना. पुढे नगर रस्त्यावर बांधलेल्या मार्गिकेचा बराचसा भाग वाहतुकीला अडथळा होतो म्हणून उखडण्यात आला. ज्या रस्त्यावरून आपला कोथरूडकर खराडीला जातो, तोच हा रस्ता. तीस-चाळीस माणसं घेऊन जाणारी बस अडथळा ठरली आणि एकटा माणूस घेऊन जाणारी कार वाहतूक ठरली, यात काय ते आलं.

रस्ते रुंद करू, उड्डाणपूल बांधू, हे उत्तर आपल्याकडे सर्वपक्षीय आहे. अँथनी डाऊन्स यांनी १९६२ मध्ये आणि जे. एम. थॉमसन यांनी १९७७ मध्ये, गर्दीच्या वेळी असा नवा रस्ता का पुरत नाही हे मांडलं होतं. रस्ता मोकळा झाला की बस-रेल्वेतले काही प्रवासी गाडी काढतात आणि रस्ता पुन्हा भरतो. तिकडे प्रवासी घटले म्हणून फेऱ्या कमी होतात. शेवटी गाडीवालाही आधीपेक्षा सावकाश पोचतो. थॉमसन यांचा निष्कर्ष गाडीवाल्यांनी भिंतीवर लावावा असा आहे: मोठ्या शहरात घरापासून कचेरीपर्यंत गाडी किती वेगानं जाईल, हे तिथली सार्वजनिक वाहतूक किती वेगवान आहे त्यावर ठरतं. विद्यापीठ चौकातले पूल आठवा. मोठ्या हौसेनं बांधले, चौक तुंबतच राहिला, आणि मेट्रोसाठी २०२० मध्ये ते पाडून नव्या दुमजली पुलाला जागा करावी लागली. मुंबईत लोकल रस्त्यापेक्षा सरळ सरळ वेगवान आहे, त्यामुळे तिथे बोरिवलीहून चर्चगेटला जाणारा माणूस असा हिशेब मांडत बसत नाही. त्याची दुखणी वेगळी आहेत, ती पुढे कधीतरी.

पार्किंगबद्दल थोडंच सांगतो, पण ते विसरू नये. कंपनी कर्मचाऱ्याला पार्किंग फुकट देते असं आपण म्हणतो. त्या जागेचं भाडं कंपनी भरते, आणि बसनं येणाऱ्याला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. कॅलिफोर्नियात १९९२ साली यावर कायदा झाला: पार्किंगची जागा भाड्यानं घेऊन देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी, ती जागा नको असेल त्याला तेवढे पैसे रोख द्यायचे. आपल्याकडे रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे घ्यायचं धोरण पुणे महापालिकेनं २०१८ मध्ये मंजूर केलं, आणि त्याची अंमलबजावणी रखडली. मुद्दा फुकट जागेचा आला की सगळे नगरसेवक एका पक्षाचे होतात.

सुरक्षिततेचा मुद्दाही थोडक्यात. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची. गाडीच्या हिशेबात हा रकाना कोणी धरत नाही.

मग करायचं काय? मला वाटतं, आपण प्रश्न चुकीच्या माणसाला विचारतो. घरात एक दुचाकी असणं पुण्यात गरजेचं आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मुलाला शाळेत सोडायचं, वाटेत भाजी घ्यायची, संध्याकाळी सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, असा चार ठिकाणी थांबणारा दिवस बसच्या वेळापत्रकात बसत नाही. घराघरांत असा दिवस बहुधा बाईच्या वाट्याला येतो आणि ‘बसनं जा’ हा सल्ला मात्र देणारे वेगळेच असतात. पहिली गाडी तिला राहू द्या. दुसरीचंही समजू शकतो.

प्रश्न आहे तो तिसरीचा. मुलगा नोकरीला लागला, आता त्याला गाडी हवी, पाडव्याला बुकिंग करून टाकू, असं घरात ठरतं त्या संध्याकाळी पूर्ण बेरीज करायला हवी, कारण त्या दिवशी लाख रुपये अजून गेलेले नसतात. स्कूटरचे महिन्याला ३,२०० आणि मेट्रो-फीडरचे १,९२० ही तुलना तेव्हाच खरी असते. फरक जवळपास तेराशेचा. त्यात पावसाच्या दिवशी, उशीर झालेल्या रात्री रामवाडीहून रिक्षाच्या पंधरा खेपा होतात. सोसायटीत तिसऱ्या गाडीच्या जागेवरून होणारं भांडण वाचतं, ते वेगळंच.

अर्थात हे सगळ्यांना लागू नाही. घर आयडियल कॉलनी किंवा नळ स्टॉपच्या स्थानकापासून चालत जाण्याजोगं असेल आणि कचेरी जिल्हा न्यायालय, पुणे स्टेशन किंवा बंडगार्डनच्या आसपास असेल, तर विचारही करू नका, नवी गाडी घेऊ नका. खराडीवाल्यानं आधी महिनाभर मेट्रो-फीडरनं जाऊन पाहावं, रामवाडीला किती मिनिटं थांबावं लागतं ते लिहून ठेवावं आणि मगच शोरूममध्ये पाऊल टाकावं. पण धायरीहून हिंजवडीला जाणाऱ्याला असं काही सांगायचं धाडस मी आज करणार नाही. शिवाजीनगर-हिंजवडी मेट्रो पूर्ण क्षमतेनं धावू लागून तिला धायरीकडून वेळेवर येणारी बस जोडली जाईपर्यंत त्यानं गाडीच काढावी, फक्त हेल्मेट घालून.