औषधाच्या चिठ्ठीवर व्यायाम: स्वादुपिंडाच्या कर्करोगातली पंधरा वर्षं

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं निदान झालं की घरची माणसं आधी रुग्णाच्या हातातलं काम काढून घेतात. पडून राहा, शक्ती राखून ठेव, असा आग्रह धरतात. त्यामागची माया खरी असते. पण गेल्या पंधरा वर्षांतलं संशोधन पाहिलं तर या सल्ल्याचा आधार ढासळत गेलेला दिसतो. पाचकरस कमी पडल्यानं अन्न अंगी लागत नाही आणि रोगामुळे वाढलेला दाह स्नायू झिजवतो. त्यात अंथरूण धरलं की उरलेली ताकदही झपाट्यानं जाते. शस्त्रक्रिया सोसवेल का, केमो झेपेल का, हे बऱ्याच अंशी त्या ताकदीवरच ठरतं. म्हणून व्यायामाला औषधाच्या चिठ्ठीवर जागा हवी.

२०१० साली अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी कर्करोगाच्या रुग्णांना निष्क्रिय राहू नका असं सांगितलं, तेव्हा हाताशी पुरावा होता तो मुख्यतः स्तनाच्या कर्करोगाचा. स्वादुपिंडाचं दार उघडलं २०१२ मध्ये. फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठात शस्त्रक्रिया झालेल्या १०२ रुग्णांपैकी काहींना घरच्या घरी टप्प्याटप्प्यानं चालणं वाढवायला सांगितलं गेलं. त्यांचा थकवा कमी झाला. आयुष्य वाढल्याचं मात्र सिद्ध झालं नाही. २०१९ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या चाचणीनं स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम तपासले. ६५ रुग्णांपासून सुरू झालेल्या या चाचणीत व्यायाम करणाऱ्यांची ताकद वाढली, देखरेखीखाली करणाऱ्यांची अधिक. जीवनमान तीन महिन्यांनी सुधारलेलं दिसलं, पण सहा महिन्यांनी तो फरक टिकला नाही. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी व्यायामामुळे गाठीविरुद्धची प्रतिकारशक्ती जागी होते हे दाखवलं, पण प्रामुख्यानं उंदरांमध्ये. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, रोग बरा करण्याच्या हेतूनं उपचार चालू असताना व्यायाम सुचवावा, अशी शिफारस केली.

या पुराव्यावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. चाचण्या लहान आहेत. हायडेलबर्गमध्ये तर सुमारे एक तृतीयांश रुग्ण शेवटपर्यंत राहिले नाहीत. मोठी चाचणी आहे ती दुसऱ्या कर्करोगाची: २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांत तीन वर्षांच्या व्यायामानं रोग उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण घटलं. तो निकाल स्वादुपिंडाला जसाच्या तसा लावणं चूक ठरेल. पण इथे दावा ताकदीचा आणि थकव्याचा आहे, आणि तेवढ्यापुरता पुरावा पुरेसा आहे. दुसरा आक्षेप वजनाचा: आधीच खंगलेल्या माणसाला आणखी का झिजवायचं? याचं उत्तर आहारात आहे. जेवणाबरोबर पाचक एन्झाइमच्या गोळ्या आणि पुरेशी प्रथिनं नसतील तर व्यायाम खरोखर नुकसान करू शकतो. दोन्ही एकत्रच लिहून द्यायला हवीत. तिसरा आक्षेप दयेचा. जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी असताना गोव्याचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या, स्वादुपिंडाचाच कर्करोग झालेल्या मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांना पाहून, यांना विश्रांती द्या, असं अनेकांना वाटलं. १७ मार्चला त्यांचं निधन झालं. ती कळकळ समजण्यासारखी आहे. पण पदाच्या कामाचं ओझं काम ठरवतं, व्यायामाची मात्रा रुग्णाची आजची कुवत ठरवते. ताप, रक्तातल्या प्लेटलेट फार कमी होणं, हाडात पसरलेला रोग, शस्त्रक्रियेची ताजी जखम, अशा वेळी ती थांबवावी किंवा बदलावी लागते.

हा विचार अलिबागजवळच्या किहीमसारख्या किनाऱ्यावरच्या गावाला विशेष लागू पडतो. इथल्या रुग्णाला मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जायचं तर मांडव्याहून बोट गाठायची किंवा पेण-पनवेलमार्गे रस्ता धरायचा. रोज देखरेखीखालचा व्यायाम त्याला शक्य नाही. पण फिलाडेल्फियाची चाचणी घरच्या चालण्याचीच होती, आणि सपाट किनारा किहीमच्या दाराशी आहे. केमोनं पाय बधिर झाले असतील तर अनवाणी, भुसभुशीत वाळूत चालू नये. ओहोटीची घट्ट पुळण किंवा गावातला रस्ता बरा, आणि सोबत माणूस हवं. मधुमेह असेल तर रक्तातल्या साखरेवर लक्ष हवं. आठवड्यातून दोनदा खुर्चीतून ऊठ-बस आणि लवचीक पट्टा ओढण्याचे व्यायाम हवेत. हे ठरवून देणारा फिजिओथेरपिस्ट अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातून फोनवरही विचारपूस करू शकेल. महागड्या यंत्रांची गरज नाही. केमोच्या वेळापत्रकाबरोबर रुग्णाच्या हाती व्यायामाचंही वेळापत्रक देण्याची शिस्त हवी, आणि ती आजपासून लावता येण्याइतका पुरावा जमा झाला आहे.