ओव्हनमधले डाखकाम

कल्हईवाला भांड्यांना कल्हई कशी करतो हे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. तो भांडे तापवतो, त्यात नवसागराची पूड टाकतो, कथील टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे पसरवतो. नवसागरामुळे भांड्यावरचा ऑक्साइडचा थर निघून जातो आणि मगच कथील धातूला धरते. आज आपण ज्या कामाची ओळख करून घेणार आहोत, त्यामागेही हेच तत्त्व आहे. ते काम म्हणजे घरगुती ओव्हनमध्ये सर्किट बोर्डाला डाख देणे, म्हणजेच सोल्डरिंग करणे.

आता तुम्ही विचाराल, नेहमीचे सोल्डरिंग आयर्न असताना ओव्हन कशाला? याचे उत्तर डहाणू-तलासरीच्या मुलांना चटकन पटेल. या दोन तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी व आसपासच्या गावांना वारंवार हादरे बसले. १ फेब्रुवारी २०१९ च्या धक्क्याची महत्ता ४.१ होती. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने तेथे भूकंपमापकेही बसवली. असा हादरा शाळेच्या विज्ञान मंडळाला स्वतः नोंदवायचा असेल, तर त्वरण मोजणारी चिप लागते. एडीएक्सएल ३४५ ही अशीच एक चिप. ती ५ मिमी लांब, ३ मिमी रुंद आणि केवळ १ मिमी जाड असते. तिला पाय नसतात. तिचे १४ जोडबिंदू पोटाखाली असतात. आयर्नचे टोक तेथे पोहोचणार कसे? म्हणून बोर्ड आणि चिप दोन्ही एकदमच तापवावी लागतात.

यासाठी डाख लेपाच्या रूपात मिळतो. त्यात डाखाचे बारीक कण आणि फ्लक्स मिसळलेले असतात. नवसागराचे काम येथे फ्लक्स करतो. कथिलाचा द्रवणांक २३२ अंश सेल्सिअस आणि शिशाचा ३२७ अंश. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंशांनाच वितळते! शिवाय ते मध्ये लिबलिबीत न होता घनाचे थेट द्रव होते.

डाख वितळला की एक गंमत होते. चिप थोडी तिरकी ठेवली असली, तरी द्रवाचा पृष्ठताण तिला ओढून जागेवर आणतो. मात्र एखाद्या चिमुकल्या रोधाच्या एकाच टोकाचा डाख आधी वितळला, तर तोच पृष्ठताण त्याला उभा करतो. म्हणून बोर्ड सगळीकडे सारखा तापला पाहिजे.

त्यासाठी तापमानाचा क्रम पाळावा लागतो. प्रथम बोर्ड दर सेकंदाला १ ते २ अंश या गतीने १५० अंशांपर्यंत न्यावा. मग १५० ते १८० अंशांमध्ये एक ते दीड मिनिट ठेवावा. या काळात फ्लक्स आपले काम करतो. त्यानंतर तापमान २१० ते २१५ अंशांवर नेऊन ओव्हन बंद करावा व दार थोडे उघडावे. डाख द्रव अवस्थेत सुमारे एक मिनिटच असावा. तो गोठेपर्यंत बोर्डाला धक्का लावू नये. ओव्हनच्या बटणावरील आकड्यावर विसंबू नका. तो फार तर आतल्या हवेचे तापमान सांगतो, बोर्डाचे नाही. बोर्डाला तपयुग्म जोडूनच मोजमाप करावे.

समुद्रकाठच्या दमट हवेत आणखी एक काळजी घ्यावी लागते. चिपचे प्लॅस्टिक ओलावा शोषून घेते. ती एकदम तापली की आत वाफ होते आणि चिपला तडा जातो. म्हणून तिचे बंद पाकीट कामाच्या वेळीच फोडावे.

हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे. या ओव्हनमध्ये पुन्हा कधीही खाण्याचा पदार्थ ठेवू नये, कारण शिसे विषारी आहे. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. फ्लक्सचा धूर नाकात जाऊ नये म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात. मायक्रोवेव्ह ओव्हन तर मुळीच वापरू नये. त्यात धातूवर ठिणग्या उडतात. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आहे. तेव्हा उरलेला लेप आणि बिघडलेले बोर्ड मातीत टाकू नका. ते ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्या.

तयार झालेल्या यंत्राची मर्यादाही ओळखून असा. या चिपच्या मोजमापाची सर्वांत लहान पायरी गुरुत्व त्वरणाच्या सुमारे अडीचशेव्या भागाइतकी असते. त्याहून सौम्य कंपने तिला कळत नाहीत. ती भूकंपाचे भाकीतही करू शकत नाही. पण पायाखालची जमीन हादरली, तर ती किती हादरली हे तुमच्या शाळेच्या वहीत आकड्यांनी लिहिलेले राहील.

चिप लावण्याआधी एक प्रयोग करा. एका टाकाऊ बोर्डाला तपयुग्म जोडून तो ओव्हनमध्ये तापवा. दर दहा सेकंदांनी तापमान टिपा आणि आलेख काढा. १५० अंशांपर्यंतच्या रेषेचा चढ सेकंदाला किती अंश येतो? तो दोनपेक्षा जास्त असेल, तर बोर्डाखाली धातूचा जाड पत्रा ठेवून पुन्हा मोजा. चढ का कमी झाला, याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातील विशिष्ट उष्मेच्या धड्यात सापडेल.