त्रिकला विद्युत शक्तीचे मापन

त्रिकला, म्हणजेच थ्री-फेज, विद्युत प्रणालीतील सक्रिय व प्रतिक्रियाशील शक्ती मोजण्याच्या पद्धतींना त्रिकला शक्तिमापन म्हणतात. किलोवॅटमध्ये मोजली जाणारी सक्रिय शक्ती गती, उष्णता किंवा प्रकाश यांत रूपांतरित होते. किलोव्हारमध्ये मोजली जाणारी प्रतिक्रियाशील शक्ती मोटार व रोहित्रातील चुंबकीय क्षेत्रासाठी स्रोत आणि भार यांच्यात ये-जा करते. तिच्यामुळे उपयुक्त कार्य होत नाही. मात्र वाहिन्यांतील प्रवाह व ऊर्जाहानी वाढते.

ब्लाँडेलचे तत्त्व

फ्रेंच अभियंता आंद्रे ब्लाँडेल यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार, जितक्या तारा असतील त्यापेक्षा एक कमी वॉटमापक एकूण सक्रिय शक्ती मोजण्यास पुरेसा असतो. तीन तारांच्या प्रणालीस दोन, तर तटस्थ तार असलेल्या चार तारांच्या प्रणालीस तीन वॉटमापक लागतात.

दोन वॉटमापकांची पद्धत

दोन्ही वाचनांची बेरीज म्हणजे सक्रिय शक्ती. भार संतुलित असल्यास वाचनांच्या फरकाला ३ च्या वर्गमुळाने गुणून प्रतिक्रियाशील शक्ती मिळते. उदाहरणार्थ, वाचने ४० व २० किलोवॅट असल्यास सक्रिय शक्ती ६० किलोवॅट, प्रतिक्रियाशील शक्ती सुमारे ३४.६ किलोव्हार, आभासी शक्ती सुमारे ६९.३ केव्हीए आणि शक्तिगुणक ०.८७ येतो. शक्तिगुणक ०.५ असताना एक वाचन शून्य होते. त्याखाली ते ऋण होते व ते वजाच धरावे लागते. भार असंतुलित असल्यास बेरजेचा नियम टिकतो, फरकाचा टिकत नाही.

खारघर व महाराष्ट्रातील संदर्भ

नवी मुंबईतील खारघर येथे महापारेषणचे ४०० केव्ही उपकेंद्र आहे. परिसरात वीजवितरण महावितरण करते. निवासी संकुलांतील उद्वाहक व पाण्याचे पंप हे प्रतिक्रियाशील शक्ती घेणारे नेहमीचे भार होत. घरगुती एककला जोडण्यांमुळे तिन्ही कलांवरील भार क्वचितच समान असतो. म्हणून आधुनिक इलेक्ट्रॉनिक मीटर प्रत्येक कलेचा दाब व प्रवाह स्वतंत्रपणे मोजतो.

महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच एककावर आकारणी होते. तीत पश्चगामी व अग्रगामी अशा दोन्ही प्रकारची प्रतिक्रियाशील ऊर्जा धरली जाते. त्यामुळे कपॅसिटर कमी पडल्यास बिल वाढते, आणि गरजेपेक्षा जास्त लावल्यासही वाढते.