वर्ध्यातून लॉग इन

सकाळी ६. मे महिन्यात वर्ध्यात डोकं चालतं ते याच वेळेला. दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो. रात्री अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी लिहिलेला कोड आत्ताच वाचून घेते.

९ वाजता स्टँडअप. पुणे, बंगळुरू आणि मी. काल काय झालं, आज काय करणार, कुठे अडलंय, एवढंच.

साडेनऊला बग. एका ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेलेत. सर्व्हरचं उत्तर उशिरा आलं, ॲपने तीच विनंती पुन्हा पाठवली आणि दोन्ही मंजूर झाल्या. प्रत्येक विनंतीला क्रमांक द्यायचा आणि तो आधी येऊन गेलाय का ते तपासायचं. दुरुस्ती चार ओळींची. त्या नेमक्या कुठे घालायच्या हे शोधण्यात दीड तास गेला. आमचं बहुतेक काम असंच, दुसऱ्याचं लिहिलेलं धीराने वाचण्याचं.

११ वाजता मुलाखत घ्यायची होती. उमेदवार हिंगणघाटकडची, शेवटच्या वर्षाची मुलगी. प्रश्न नेहमीचा: गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा दिल्यात, एकही गाडी खोळंबू नये म्हणून कमीत कमी किती फलाट लागतील? ती इंग्रजीत सुरू झाली आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळली. मी म्हटलं, "मराठीत सांगा, चालेल."

"मॅडम, सेवाग्राम स्टेशन धरू का?"

मुंबईचा आणि चेन्नईचा मार्ग तिथेच फुटतो, त्यामुळे उदाहरण अगदी चपखल होतं. आधी तिने प्रत्येक गाडी दुसऱ्या प्रत्येक गाडीशी ताडून पाहिली. मग स्वतःच थांबली: हजार गाड्या असतील तर जवळपास पाच लाख जोड्या होतील. दोन मिनिटं शांतता. नंतर तिने येण्याच्या वेळा वेगळ्या, जाण्याच्या वेगळ्या, चढत्या क्रमाने लावल्या. गाडी आली की एक वाढवा, गेली की एक कमी करा. मधे जो सर्वांत मोठा आकडा येईल तेच उत्तर. वेळा क्रमाने लावायला साधारण वीस हजार तुलना पुरतात. पाच लाखांवरून वीस हजारांवर ती स्वतःच्या बळावर आली, मी काहीही सुचवलं नव्हतं. मला फार आनंद झाला. शिफारस त्याच क्षणी लिहिली.

१ वाजता वरण-भात. अडीचला लाइन गेली, कूलर बंद पडला. इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप तेवढे चालतात. सकाळची दुरुस्ती सहकाऱ्याने तपासली, एक चाचणी वाढवायला सांगितली. त्याचं बरोबर होतं. चारला चहा आणि गोरसपाक.

संध्याकाळी साडेसहाला न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे ९ वाजतात. तासभर बैठक. दुरुस्ती आज रात्रीच ग्राहकांपर्यंत पोचवायचं ठरलं.

रात्री ९ वाजता सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली काही मुलं ऑनलाइन येतात. मुलाखतीचा सराव करतो. कोड त्यांना येतो. विचार मोठ्याने बोलायची सवय नसते. ती मराठीतच आधी लावून घेते, मग इंग्रजीत.

मुलाखती घेणाऱ्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे: पहिली दहा मिनिटं उमेदवाराला त्याच्या भाषेत बोलू द्या, आणि अभिप्रायात 'संवाद' हा रकाना भरताना उच्चारांचे गुण कापू नका.