वारीची वाट आणि ताटातील भाकरी

आषाढी वारीच्या तोंडावर देह हलका व्हावा म्हणून भाकरी-भात वर्ज्य करणारे सज्जन अलीकडे भेटतात. हेतू स्तुत्य, परंतु काळ अनुचित, असे आम्हांस वाटते. आळंदी ते पंढरपूर वाट सुमारे 250 किलोमीटरांची. पिष्टान्न सोडताच प्रथम उतरते ते बहुतांशी पाणी. कारण स्नायूंतील साखरेचा साठा आपल्यासवे पाणी धरून असतो. तो साठा रिता असता पुणे-सासवड मजलीत दिवेघाटाची चढण पायांस जड जाते. मेद जळतो, पण सावकाश. म्हणून वजन उतरवावे ते चैत्र-वैशाखात. वाटेवर भाकरी, पिठले, ताक सोडू नये. एकादशीचा साबुदाणाही पिष्टच, हे ध्यानी असावे. गीतेच्या 6व्या अध्यायात अतिभोजन आणि निरशन दोन्ही योगास बाधक मानली आहेत. वारी हाही योगच!