आजीची पेन्शन तहसिलात, दारातलं गटार ग्रामपंचायतीत



आज बोलायचंय गावातल्या म्हाताऱ्या माणसांविषयी आणि घरकुल वस्तीच्या देखभालीविषयी. विषय दोन वाटतात, पण एकाच उंबऱ्यावर येऊन भेटतात. समजा, आपल्या आळीत एक आजी आहेत. वय सत्तरीच्या पुढं. नवरा वारला, मुलं शहरात कामाला. पूर्वी कधी तरी मिळालेल्या घरकुलात एकट्या राहतात. पत्रा गळतो. दारापुढच्या गटाराचं झाकण फुटलंय. खांबावरचा दिवा बंद आहे. आणि तीन महिने झाले, पेन्शन खात्यावर आलेली नाही. आजी चारही गाऱ्हाणी सरपंचांना सांगतात. सरपंच म्हणतात, "बघू." पण या चारांतली दोनच कामं ग्रामपंचायतीच्या हातात आहेत. बाकीची दोन कुठं मागायची, हे कुणी नीट सांगत नाही. म्हणून आजींच्या चकरा संपत नाहीत.

आधी पेन्शनचं बघू. ६५ वर्षांच्या पुढच्या निराधार माणसांसाठी आपल्या राज्यात श्रावणबाळ योजना आहे. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. २०२३ पासून महिन्याला १५०० रुपये मिळतात. वय ६५ च्या आत असेल आणि बाई विधवा, परित्यक्ता किंवा निराधार असेल, तर संजय गांधी निराधार योजना. हे अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत जातात आणि मंजुरीही तालुक्यालाच होते. ग्रामपंचायत किंवा तलाठी दाखले देतात, पेन्शन मंजूर करत नाहीत.

चालू पेन्शन बंद पडली, तर दोन गोष्टी आधी तपासा. वर्षातून एकदा द्यायचा हयातीचा दाखला राहिला का? आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे का? कारण पैसे आता थेट खात्यावर येतात. बऱ्याच म्हाताऱ्या बायांच्या बोटांचे ठसे घासलेले असतात, यंत्र ते घेत नाही. कुणीतरी सोबत जाऊन हे काम करून द्यावं लागतं. हे गटाला सहज जमेल. महिन्याला दोघींनी तालुक्याला जायचं आणि आळीतल्या चार आज्यांची कागदं एकदम घेऊन जायची.

आता गळका पत्रा. घरकुलाचे पैसे घर बांधायला मिळतात. ते घर त्या कुटुंबाच्या मालकीचं असतं, म्हणून दुरुस्तीही कुटुंबाचीच. एकदा लाभ घेतलेल्या कुटुंबाला तोच लाभ पुन्हा मिळत नाही. मग एकट्या आजींनी काय करायचं? मुलं कमावती असतील तर आई-वडिलांना सांभाळणं ही त्यांची कायद्यानं जबाबदारी आहे. २००७ च्या कायद्याप्रमाणे आईला प्रांताधिकाऱ्यांकडं निर्वाह खर्चासाठी अर्ज करता येतो, आणि महिन्याला १० हजारांपर्यंत रक्कम ठरवून मिळू शकते. मुलाविरुद्ध अर्ज करायला आईचा जीव होत नाही, हे आपण सगळ्या जाणतो. पण कायदा माहीत असला की निदान चार माणसांत बसून बोलताना आईची बाजू पडत नाही.

आता राहिलं गटार आणि दिवा. ही कामं मात्र ग्रामपंचायतीचीच. घर कुणाचंही असो, घराबाहेरचा रस्ता, गटार, दिवाबत्ती आणि नळाची लाइन यांची देखभाल गावाची. "घरकुल दिलंय ना, आता काय पाहिजे?" असं कुणी म्हणालं, तर हा फरक शांतपणे सांगायचा.

पैसे नाहीत, हे उत्तर नेहमी मिळतं. म्हणून पैसे कुठून येतात ते माहीत पाहिजे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टी वगैरेतून, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. यात ज्येष्ठांचा वेगळा वाटा दिसत नाही. पण ज्या आजींना दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा चालता येत नाही, त्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलं तर त्या ५ टक्क्यांत त्यांचाही हक्क येतो. वय झालं की असं व्हायचंच, म्हणून आपण ते काढतच नाही. दुसरा पैसा वित्त आयोगाचा. २०२१ ते २०२६ या पंधराव्या वित्त आयोगाच्या वर्षांत त्यातला ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला होता. सांडपाण्याचं काम त्यात बसतं. त्या पैशातून आपल्या वस्तीत काय झालं, हे विचारायला काहीच हरकत नाही.

पण मैत्रिणींनो, हे काम आराखड्यात असावं लागतं. पुढच्या वर्षाच्या गाव विकास आराखड्याची तयारी साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. एप्रिलमध्ये जाऊन गटार मागितलं, तर "आराखड्यात नाही" असं उत्तर येतं. म्हणून मागणी गणपतीच्या आसपासच तयार ठेवायची.

ती मांडायची कुठं? ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते. रजिस्टर घरोघर फिरतं आणि आपण सही करून मोकळ्या होतो. त्या सहीबरोबर आपली महिला सभा बुडते. सभा भरल्याशिवाय सही करायची नाही, एवढं जरी गटानं ठरवलं तरी गाव हलेल.

ग्रामसभेलाही जायचंच. गणपूर्तीला गावातले १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांतला कमी असेल तो आकडा लागतो. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे पहिल्या दिवशी आपण घरी बसलो, तर पुढच्या वेळी दहा-वीस माणसं मिळून सगळ्या गावाचं ठरवतात.

सभेत नुसतं बोलून भागत नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या पूर्वीच्या ग्रामसेवकांनी, प्रोसिडिंगमध्ये लिहिलं तरच ठराव झाला. "वस्तीतलं गटार दुरुस्त करावं" असं मोघम लिहू देऊ नका. कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत, किती झाकणं फुटली, किती दिवे बंद आहेत, हे लिहून घ्या आणि तिथंच वाचून दाखवायला सांगा. आपल्या अर्जाची पोच घ्या. ठरावाची नक्कल मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पुढच्या गट बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास काढा. वस्तीत ६५ च्या पुढची किती माणसं आहेत, कुणाला पेन्शन आहे, कुणाची बंद पडली, कुणाच्या दारात गटार फुटलंय, याची एक यादी वहीत करा. यादीतल्या प्रत्येक कामापुढं तहसील, प्रांत की ग्रामपंचायत, ते लिहा. आपल्या सासवा आणि आया आज त्या यादीत आहेत. फुटक्या झाकणावरून पाय घसरून खुबा मोडला, तर म्हाताऱ्या माणसाचं अंथरूण सुटत नाही. तेव्हा हे काम पावसाळ्याआधी हातात घ्या.

पुढच्या भागात दिव्यांग प्रमाणपत्र कसं काढायचं ते बघू.