बंबाखू आणि टारफुला

निपाणीच्या विडी-तंबाखूच्या दराचा प्रश्न १९८१ साली शेतकरी नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर येऊन ठाकला, तेव्हा अवघ्या महाराष्ट्राचे लक्ष या सीमेवरील पेठेकडे वेधले गेले. परंतु व्यापारी आणि अडते यांच्याही आधी, त्याच तंबाखूच्या मुळाशी जमिनीखाली जी निमूट वसुली चालते, तिची वार्ता शिवाराबाहेर क्वचितच गेली.

लावणीनंतर दीड-दोन महिन्यांनी रोपांच्या बुडाशी पिवळट, मांसल कोंब भुई फोडून वर येतात आणि त्यांना निळसर-जांभळी फुले लागतात. हाच बंबाखू, वनस्पतिशास्त्रात ऑरोबँकी सर्नुआ. याच्या अंगी हरितद्रव्याचा लेशही नसल्यामुळे सूर्याशी त्याचा व्यवहारच नाही; तंबाखूच्या मुळात चूषकांग रोवून रसवाहिनीतील तयार साखर उचलावी, एवढाच त्याचा चरितार्थ.

अशा यजमानाचे, म्हणजे तंबाखूचे, पान निस्तेज होऊन प्रकाशसंश्लेषण मंदावत असेल, असे कोणासही वाटावे. प्रत्यक्षात जुलियन हिबर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ च्या सुमारास तंबाखूवर केलेल्या अभ्यासात तसे आढळले नाही. पानांचे काम जवळपास पूर्ववत चालू होते. इतकेच नव्हे, एरवी पिकून गळावयाची खालची पाने अधिक काळ हिरवी राहिली. यजमानाच्या वजनात जी तूट आली, ती बहुतांशी परोपजीवीच्या वजनात जमा झालेली दिसली. माझ्या मते बंबाखूचे खरे कसब यातच आहे: मिळकत बुडवावयाची नाही, केवळ वसूल आपल्याकडे वळवावयाचा.

याच्या अगदी उलट रीत जोंधळ्याच्या मुळावर बसणाऱ्या टारफुल्याची. हा दिसावयास हिरवा, आपल्याकडे पांढऱ्या फुलांचा, आणि थोडेफार अन्न स्वतःही करणारा. तरीही घात त्याचाच मोठा. ग्रेव्हज, प्रेस आणि स्ट्युअर्ट यांनी १९८९ मध्ये त्याच्या आफ्रिकी भाऊबंदाविषयी मांडलेल्या हिशेबानुसार जोंधळ्याच्या वाढीतील तुटीपैकी सुमारे २० टक्केच चोरलेल्या कर्बाची असते. उरलेली ८० टक्के, पानाचे प्रकाशसंश्लेषणच खालावल्यामुळे येते. टारफुल्याची पर्णरंध्रे दुष्काळातही उघडी राहून पाणी ओढीत असतात, तर जोंधळ्यात अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढून त्याची रंध्रे मिटू लागतात. रंध्रे मिटली की कर्बवायूचा प्रवेश खुंटतो आणि ऊन भरपूर असूनही पान बेकार बसते. शिवाय बरेचसे नुकसान टारफुला जमिनीवर दिसण्यापूर्वीच होऊन गेलेले असते, त्यामुळे उशिराच्या खुरपणीने त्या हंगामाची भरपाई होत नाही. पुढील बीजप्रसार तेवढा रोखला जातो.

बंबाखू आणि टारफुला या दोघांचे बी धुळीसारखे बारीक आणि मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहणारे. यजमानाच्या मुळातून पाझरणाऱ्या द्रव्यांची चाहूल लागल्यावाचून ते सहसा रुजत नाही. अशांपैकी स्ट्रायगॉल हे द्रव्य १९६६ मध्ये कपाशीच्या मुळांच्या स्रावातून वेगळे काढण्यात आले, आणि गंमत अशी की कपाशीवर टारफुला जगू शकत नाही. बी फसवून रुजवावयाचे आणि उपाशी मारावयाचे, ही सापळा-पिकाची युक्ती यातूनच आली. बंबाखू फुलण्यापूर्वी उपटून टाकणे किंवा कोवळ्या कोंबावर तेलाचे थेंब सोडणे, या उपायांबरोबर तंबाखूच्या आधी खरिपात मूग, तीळ किंवा जोंधळा घ्यावा असे सांगितले जाते. म्हणजे टारफुल्यापुढे हतबल होणारा तोच जोंधळा बंबाखूच्या बियाला मात्र चकवितो.